शिरपतीनं लॅपटॉप झोपवला

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव शिरपती. गावच्या दूध डेअरीत तो कॅन धुवायचा, सकाळी दार उघडायचा, संध्याकाळी दार लावायचा आणि मधल्या वेळात सांगतील ते करायचा. सांगितलेलं काम त्यानं कधी अर्धवट सोडलं नाही. हीच त्याची अडचण होती.

एकदा डेअरीचे सचिव भागवतआण्णा त्याला म्हणाले, "शिरपा, पुढच्या दारात हुबा ऱ्हा आन् कुत्रं आत येऊ दिऊ नगंस." शिरपती पुढच्या दारात उभा राहिला. कुत्रं मागच्या दारानं आत आलं, किटलीतलं दूध प्यायलं आणि पुढच्या दारानं बाहेर निघालं. शिरपतीनं बाजूला सरून त्याला वाट दिली. बाहेर जाऊ देऊ नको, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

असा हा शिरपती बरीच वर्षं डेअरीत हंगामी होता. हंगामी म्हणजे काम कायमचं आणि नोकरी तात्पुरती. त्याची बायको हौसाबाई मात्र चांगली हुशार होती. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा तालुक्याच्या गावी शिपाईच होता, पण कायम. बहीण सणाला आली की दर दोन वाक्यांनी म्हणायची, "आमच्या ह्यांचं काय, कायम हाय." मग हौसाबाई भाकरी जरा जोरात थापायची. तिला दुसरं काही नको होतं. नवऱ्याच्या नावापुढं तो एवढा एक शब्द हवा होता. शिरपतीला त्या शब्दाचं विशेष काही नव्हतं. पण हौसाबाईला हवा, म्हणजे त्यालाही हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

आता कायम करायचं तर ते डेअरीच्या वार्षिक सभेनं करायचं. गेल्या वर्षी शिरपतीचा विषय सभेपुढं होता, अगदी शेवटचा. पण त्याआधी आण्णा लॅपटॉपवर बघून वर्षाचा अहवाल वाचत होते, तो लॅपटॉप मध्येच बंद पडला. बॅटरी संपली. आणि गावात दुपारची वीज नसते. विरोधी गटाचे लोक उठले, "काय तरी लपवताय!" म्हणून ओरडले, खुर्च्या आडव्या झाल्या आणि सभा मोडली. शेवटचा विषय शेवटीच राहिला.

बॅटरी संपायचं कारण असं, की तो लॅपटॉप झोपत नसे. इतर लॅपटॉपचं झाकण लावलं की ते गुमान झोपतात आणि बॅटरी तशीच राहते. हा झाकणाखाली जागा. आत पंखा फुरफुरतोय, कडेचा दिवा लुकलुकतोय, आणि सकाळी बघावं तर अंग तापलेलं आणि बॅटरी रिकामी.

यंदाची सभा जवळ आली तसा आण्णांनी तो लॅपटॉप शिरपतीच्या हातात दिला. आण्णांना स्वतःला दुधाचा काटा सोडून हलता येत नव्हतं.

"तालुक्याला जा आन् दाखवून आण," आण्णा म्हणाले. "ह्यो झोपला तर सभा हुईल. सभा झाली तर तुझा विषय हुईल. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"ह्यो झोपला तर मी कायम."

आण्णांना बरं वाटलं.

तालुक्याला स्टँडसमोर तबस्सुमताईंचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. शिरपतीनं पिशवीतून लॅपटॉप काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"काय होतंय याला?"

"झोप न्हाय."

तबस्सुमताईंनी लॅपटॉप उघडला, दोनचार ठिकाणी बोट फिरवलं. "रात्री याला काय काय जोडलेलं असतं?"

शिरपतीनं आठवून सांगितलं. माऊस असतो. प्रिंटर असतो. दुधाचा काटा असतो. दुधाची फॅट मोजायचं मशीन असतं.

"मग कसा झोपेल हा? त्यातलं काही जरा हललं की हा दचकून उठतो. झाकण लावायच्या आधी जोडलेलं असेल ते सगळं काढायचं. मग झाकण लावायचं. राहील लक्षात?"

"जोडलेलं काडायचं, मग झाकण लावायचं," शिरपती म्हणाला. परतीच्या एसटीत तो तेच म्हणत बसला. शेजारच्या आजीबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसल्या.

संध्याकाळचं दूध गोळा झालं. सगळं दूध गार राहायला मोठ्या कूलरमध्ये ओतलं. आण्णांना घरी पाहुणे येणार होते. ते चप्पल घालता घालता म्हणाले, "शिरपा, कूलरचं झाकण लाव आन् जा तूबी."

शिरपती कूलरपाशी गेला. झाकणाला हात घातला आणि थांबला. झाकण लावायच्या आधी काय करायचं ते त्याला पाठ होतं. कूलरला एक जाड वायर जोडलेली होती. ती त्यानं काढली. दूध ढवळायच्या पंख्याला दुसरी वायर होती. तीही काढली. एका बाजूला एक सुतळी बांधलेली होती. ती कशासाठी आहे हे डेअरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडवली. मग झाकण लावलं आणि तो घरी गेला.

टेबलावर लॅपटॉप सगळ्या वायरींसकट उघडा पडला होता. त्याचं झाकण लाव, असं आण्णा म्हणाले नव्हते.

सकाळी कूलर उघडला तेव्हा वास देवळापर्यंत गेला. टँकरवाल्यानं नाकाला उपरणं लावलं आणि टँकर रिकामाच परत नेला. डेअरीचे चेअरमन धोंडीरामतात्या धावत आले. तात्यांना राग आला की ते आधी खाली बसायचे. ते पायरीवर बसले.

"आण्णा, ह्याला कायम करायचा म्हंतोस?"

"भोळा हाय, तात्या. त्याच्या मनात काय नसतं."

"त्येच म्हंतोय मी. काय तरी असाय पायजे."

आण्णांनी शिरपतीला बाजूला घेतलं. एरवी ते कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "आरं, चालू वस्तूची वायर काडायची न्हाय! ती रातभर चालूच ऱ्हायली पायजे! कळलं?"

"कळलं," शिरपती म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं. त्या संध्याकाळी आण्णांनी कूलरचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि म्हणाले, "लॅपटॉपचं तिनं सांगितलंया तसं कर आन् दार लाव." शिरपती लॅपटॉपपाशी गेला. लॅपटॉप चालू होता. म्हणजे चालू वस्तू. त्यानं एकाही वायरला हात लावला नाही. उलट प्रिंटर बंद दिसला म्हणून तोही चालू करून ठेवला.

सकाळी लॅपटॉपवर मांजर पसरलं होतं. मांजर झोपलं होतं. लॅपटॉप जागा होता.

शिरपती पुन्हा तालुक्याला गेला. तबस्सुमताईंनी लॅपटॉपला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "अहो, एवढा तापला कशानं? काय काय चालू होतं यात?"

"समदं."

"म्हणूनच. आता ऐका. झाकण लावायच्या आधी जे जे चालू असेल ते एकेक करून बंद करायचं. एकही चालू सोडायचं नाही. एक जरी राहिलं तरी हा जागा राहणार." त्यांनी त्याला पडद्यावरच्या खिडक्या कशा बंद करायच्या ते करून दाखवलं. शिरपतीनं मान हलवली.

"जे चालू आसंल ते बंद करायचं," एसटीत तो घोकत होता. कंडक्टर जवळ आला, थोडं ऐकलं आणि म्हणाला, "गाडी नगा हं बंद करू." शिरपती म्हणाला, "तिला झाकण न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत गर्दी होती. बायाबापड्या किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. दूध मोजलं जात होतं. आण्णा म्हणाले, "शिरपा, त्या लॅपटॉपचं झाकण लाव जरा. मी वहीत लिवून घेतो."

शिरपतीनं इकडंतिकडं बघितलं. बरंच काही चालू होतं. भिंतीवरचा पंखा चालू होता, तो बंद केला. रेडिओवर बाजारभाव चालू होते, रेडिओ बंद केला. फॅटचं मशीन चालू होतं, त्यात गोदाबाईच्या म्हशीचं दूध होतं आणि आकडा आता येणार होता, ते बंद केलं. मागं पाण्याची मोटर चालू होती. बंद. शेजारी गिरणी चालू होती, बाबू न्हाव्याची ज्वारी निम्मी पीठ झाली होती आणि निम्मी ज्वारीच होती. गिरणी बंद. मग त्याला बाहेर धडधड ऐकू आली. दुधाचा टँकर चालू होता. टँकरचा स्टार्टर बिघडला होता म्हणून ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं आणि तो चहाला गेला होता. शिरपतीनं वर चढून किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. शिरपती आत आला आणि त्यानं लॅपटॉपचं झाकण लावलं.

लॅपटॉप मात्र फुरफुरतच होता. पडद्यावरच्या खिडक्या तेवढ्या राहून गेल्या होत्या. गडबडीत माणूस काय काय लक्षात ठेवणार?

मग सगळं गाव टँकर ढकलत होतं. किटल्या खाली ठेवून बाया ढकलत होत्या. तात्या ढकलत होते. गिरणीवाला ढकलत होता आणि मध्येमध्ये शिरपतीकडं बघत होता. शिरपती सगळ्यांत पुढं होता आणि सगळ्यांपेक्षा जास्त जोर लावत होता. ढकला, असं कुणीतरी म्हटलं होतं. टँकर सुरू झाल्यावर आणि पुढं निघून गेल्यावरही तो बराच लांब धावत गेला.

परत आला तेव्हा आण्णा वाट बघत होते. "आरं, दुसऱ्याच्या वस्तूला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय! ज्याची वस्तू त्याला आधी इचारायचं!"

"आधी इचारायचं," शिरपती म्हणाला.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लॅपटॉपचा भरवसा नाही म्हणून आण्णांनी यंदा अहवाल छापून आणला होता. त्याचा गठ्ठा डेअरीतल्या बाकावर होता. दुपारी आण्णा जेवायला गेले आणि गोदाबाईची शेळी आत आली. तिनं गठ्ठा हुंगला. सुतळी तोडली आणि वरचा अहवाल ओढून खायला लागली.

शिरपती उठला. त्यानं हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. शेळी दुसऱ्याची होती. तो डेअरीतून निघाला, ओढा उतरला, पलीकडं चढला आणि गोदाबाईच्या मळ्यात गेला.

"गोदाबाई, तुमच्या शेळीला हात लावू का?"

"का रं बाबा?"

"ती अहवाल खातीया."

"अहवाल म्हंजी?"

शिरपतीला ते नीट माहीत नव्हतं. पण विचारलंय म्हटल्यावर त्यानं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग गोदाबाईनं तिच्या दुधाच्या फॅटचा विषय काढला. त्यावर तिला बरंच बोलायचं होतं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "लाव की मग हात. त्यात काय इचारायचं?"

शिरपती पळत परत आला. शेळीनं नमस्कारापासून आभारापर्यंत सगळं खाल्लं होतं. अहवालात शेवटपर्यंत गेलेली ती गावातली पहिलीच. पहिल्या पानावरचा तात्यांचा फोटो तेवढा तिनं प्रत्येक अहवालातून सोडला होता. छापखान्याचा मालक देवदर्शनाला गेला होता, तो सभा झाल्यावर येणार होता. आता अहवाल फक्त लॅपटॉपमध्ये होता.

त्या संध्याकाळी हौसाबाईनं शिरपतीला जेवायला वाढलं आणि समोर बसली. तिला सगळं कळलं होतं. गावात कळायला वेळ लागत नाही. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "येवढी सभा तरी नीट पार पडू द्या. मग जल्मभर काय करायचं ते करा."

शिरपतीनं हातातला घास ताटात ठेवला. तो पाणी प्यायला. आपल्यामुळं हिला असं विनवावं लागतं याची त्याला लाज वाटली.

तो तिसऱ्यांदा तालुक्याला गेला. तबस्सुमताईंनी या वेळी लॅपटॉप ठेवून घेतला, दुपारपर्यंत त्याच्याशी झटल्या आणि म्हणाल्या, "आता हा झोपतो. पण याला मध्येच कुणीतरी उठवतं. कधी वाय-फाय उठवतं, कधी अपडेट उठवतं. मी सगळ्यांची परवानगी काढून टाकलीय. तुम्हीही परत देऊ नका. एकदा झोपला की कुणीही येऊ दे, त्याला उठवू द्यायचं नाही."

"कुनीबी येऊ दे, उठवू द्यायचं न्हाय," शिरपती एसटीत म्हणत होता. शेजारचा प्रवासी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. शिरपतीनं त्याला त्याच्या गावाला उतरू दिलं नाही.

डेअरीत आला तर तात्या बाकावर बसले होते. नवं धोतर, गुलाबी फेटा, अंगाला अत्तर. शेजारच्या गावात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तात्या नवरीचे मामा. नवरीला हाताला धरून मांडवात मामानं आणायचं असतं. भाच्याची जीप त्यांना न्यायला येणार होती. आण्णा आणि बाकीचे सकाळीच लग्नाला गेले होते.

"जरा पडतो," तात्या म्हणाले आणि फेट्यासकट आडवे झाले. लगेच घोरायला लागले.

शिरपतीनं स्टूल घेतलं आणि दारात बसला.

जीप आली. भाचा उतरला. "मामा कुठायत?"

"झोपल्यात."

"उठव की मग."

"परवानगी न्हाय."

"आरं, लगीन हाय!"

"कुनीबी येऊ दे."

भाच्यानं आत डोकावून बघितलं. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. लग्नात मामा लोक रुसतात, हे भाच्याला माहीत होतं. पण दारात माणूस बसवून रुसतात हे नवीन होतं. तो तसाच परत गेला आणि मांडवात सांगितलं, "मामा रुसलेत." तिकडं एकच गडबड उडाली. आहेर कमी पडला का, पत्रिकेत नाव खाली पडलं का, याची चर्चा झाली. चार वडीलधारी माणसं समजूत काढायला जीपमध्ये बसून आली. शिरपतीनं हात आडवा केला. माणसांनी दारातूनच हात जोडले, तात्यांच्या पाठीला दोनदा नमस्कार केला, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणाली आणि परत गेली. मुहूर्त टळत होता. शेवटी नवरीच्या चुलत मामानं तिला मांडवात आणलं.

उन्हं उतरल्यावर तात्या जागे झाले. त्यांनी फेटा चाचपला.

"जीप आली का रं?"

"आली."

"कुठाय?"

"गेली."

"परत येनार हाय का?"

"आलती. परत गेली."

"आन् लगीन?"

"लागलं आसंल."

तात्यांना राग आला की ते खाली बसायचे. आता ते बसलेलेच होते, म्हणून ते उभे राहिले. "शिरपा," ते म्हणाले, "सभेत तुझा विषय कसा होतो त्येच बघतो मी!"

ही बातमी गावभर झाली. सगळ्यांत जास्त आनंद विरोधी गटाला झाला. त्यांचे पुढारी हणमंतराव पारावर बसून म्हणाले, "आम्हाला इतक्या वरसांत तात्याला गप बसवाय जमलं न्हाय. शिरपतीनं लग्नाच्या दिवशी झोपवून दावला. ह्यो गडी डेअरीत कायम पायजे." असा शिरपतीला विरोधी गटाचा पाठिंबा मिळाला. आता त्याचं सगळं तात्यांच्या मर्जीवर होतं, आणि तात्यांची मर्जी अहवालावर, आणि अहवाल लॅपटॉपवर.

सभेच्या आदल्या दिवशी शिरपती शेवटचा तालुक्याला गेला.

"झालं सगळं," तबस्सुमताई म्हणाल्या. "आता फक्त एक. याला बंद करायला गेलं की हा प्रश्न विचारतो. एक जुना प्रोग्रॅम आहे, तो म्हणतो, चालू राहू का? त्याला 'नाही' म्हणायचं. मग तो विचारेल, नक्की? तेव्हा 'हो' म्हणायचं. आणि विचार करत बसायचं नाही हं. उत्तराला उशीर झाला की हा तसाच जागा राहतो."

"आदी न्हाय. नक्की म्हटलं की व्हय. इचार करायचा न्हाय."

"बरोबर."

एसटीत तो तेच म्हणत आला. या वेळी त्याला कुणी काही बोललं नाही. डेअरीत येऊन त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि बंद करायला घेतला. लॅपटॉपनं विचारलं. शिरपतीनं 'नाही'वर बोट ठेवलं. लॅपटॉपनं विचारलं, नक्की? शिरपतीनं 'हो'वर बोट ठेवलं. पडदा काळा झाला. पंखा थांबला. दिवा विझला. शिरपतीनं झाकण लावून वर कान ठेवला. काही नाही. त्यानं श्वास रोखून परत ऐकलं. खरंच काही नाही.

सकाळी लॅपटॉप उघडला तर बॅटरी काठोकाठ भरलेली. शिरपतीला जे शिकवलं ते शिकवल्या जागी लागू पडायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. आण्णांनी त्याला मिठीच मारली. "शिरपा, आज लई मोठा दिवस हाय तुझा. डोकं आजाबात चालवू नगंस. तिनं सांगितलंया तेवढंच कर."

"तेवढंच करतो," शिरपती म्हणाला.

देवळापुढच्या मंडपात सभा भरली. पुढं पुरुष, मागं बायका. बायकांत हौसाबाई होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. सभा सुरू झाली आणि नेहमीप्रमाणं वीज गेली. माईक बंद पडला. मागं काहीही ऐकू येईनासं झालं. पण त्यानं काही अडत नसे. या सभेची रीत अशी होती, की आण्णांनी विषय वाचायचा, तात्यांनी हात वर करायचा, आणि तात्यांचा हात वर दिसला की सगळ्यांनी मिळून 'मंजूर!' म्हणायचं. ऐकू येवो न येवो, हात सगळ्यांना दिसायचा.

आण्णा लॅपटॉपवरून अहवाल वाचायला लागले. विरोधी गट बॅटरीकडं डोळे लावून बसला. लॅपटॉप चालला. निम्मा अहवाल झाला, चालला. आभार झाले, तरी चालला. विरोधी गटाला ओरडायला काही सापडेना. तात्यांनी हात वर केला. "मंजूर!" मंडप म्हणाला. आरडाओरडा न होता अहवाल गेल्या कित्येक वर्षांत मंजूर झाला नव्हता. तात्यांचा चेहरा उजळला. लग्नसुद्धा ते विसरले.

"शिरपा, झोपव त्याला," तात्या मजेत म्हणाले.

सगळ्यांच्या देखत शिरपती पुढं झाला. लॅपटॉपनं विचारलं. नाही. नक्की? हो. लॅपटॉप झोपला. पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. शिरपती तिथंच उभा राहिला, ताठ, हात बांधून.

"शेवटचा इषय," आण्णांनी हातातल्या कागदावरून वाचलं. "शिपाई शिरपती यांना कायम करन्याबाबत."

"आमचं अनुमोदन," हणमंतराव उठून म्हणाले.

दोन्ही गटांनी एकमेकांकडं बघितलं. एकाच विषयावर दोघांचं एकमत झालं होतं आणि आता वागायचं कसं हे कुणालाच कळेना. मागं हौसाबाईला ऐकू काही येत नव्हतं. पण नवरा पुढं उभा आहे आणि सगळे त्याच्याकडं बघून हसतायत, एवढं तिला दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

तात्यांना एकदम शिरपतीची माया आली. नुसता हात वर केला असता तरी काम झालं असतं. पण अशा वेळी माणसाला दोन शब्द बोलावेसे वाटतात.

"शिरपा," ते म्हणाले, "समदं गाव तुला कायम करतंय. मग ऱ्हानार न्हवं डेअरीत कायम?"

शिरपतीनं प्रश्न ऐकला. विचार करत बसायचं नव्हतं.

"न्हाय," तो म्हणाला.

 आण्णांच्या हातातला कागद खाली पडला.

"न्हाय?" तात्या म्हणाले. "आरं, नीट सांग. नक्की?"

"व्हय," शिरपती म्हणाला.

सगळं एकदम शांत झालं. शिरपतीनं ती शांतता कान देऊन ऐकली आणि त्याला समाधान वाटलं.

तात्यांनी कपाळावर मारून घ्यायला हात वर केला.

मागच्या रांगांना तो हात दिसला. "मंजूर!" सगळा मंडप एका दमात म्हणाला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज हौसाबाईचा होता.